फक्त ३०० फूट चुकले तर काय होतं? ट्रेनी पायलटच्या एका नेहमीच्या चुकीची गोष्ट

पायलटच्या परीक्षेत १०० फुटांना फार किंमत आहे.

ढगातून, धुक्यातून, म्हणजे बाहेरचं काहीही दिसत नसताना विमान उडवायचं असेल तर साध्या लायसन्सवर भागत नाही. त्यासाठी 'इन्स्ट्रुमेंट रेटिंग' वेगळं मिळवावं लागतं. अमेरिकेत या परीक्षेला बसलात की डोळ्यांना अक्षरशः झापड लावतात. टोपीला पुढे लांब छज्जा जोडलेला असतो, नाहीतर वरचा भाग धूसर केलेला चष्मा असतो. समोरची यंत्रं दिसतात, काचेबाहेरचं आभाळ दिसत नाही. मग परीक्षक सांगतो, या उंचीवर सरळ चल. त्या उंचीपेक्षा १०० फूट वर किंवा १०० फूट खाली, एवढीच सूट. सतत त्याच्या बाहेर जात राहिलात किंवा गेल्यावर लगेच परत आला नाहीत, तर नापास.

१०० फूट म्हणजे साधारण दहा मजली इमारत. ऐकायला भरपूर वाटतं. पण छोटं ट्रेनिंगचं विमानही मिनिटाला ५०० ते ७०० फूट सहज चढतं. म्हणजे हे दहा मजले नऊ ते बारा सेकंदांत संपतात. तेवढ्या वेळात माणूस खाली पडलेलं पेन उचलतो.

आणि बऱ्याचदा चूक होते ती अशीच. कंट्रोलरने ३,००० फुटांवर थांबायला सांगितलेलं असतं आणि विद्यार्थी ३,३०० वर पोचलेला असतो. विमान हादरत नाही, पोटात गोळा येत नाही, सगळं अगदी निवांत वाटत असतं. रेडिओवर कंट्रोलर म्हणतो, तुमची उंची तपासा. तेव्हा कुठे लक्षात येतं. पायलट मंडळी याला 'अल्टिट्यूड बस्ट' म्हणतात. ब्रिटनमध्ये 'लेव्हल बस्ट' असा शब्द आहे आणि त्यांच्या व्याख्येनुसार दिलेल्या उंचीपासून ३०० फूट किंवा त्याहून जास्त भरकटलात की ती नोंदवण्यासारखी घटना ठरते.

आता तुम्ही म्हणाल, आभाळ एवढं मोठं, त्यात ३०० फुटांनी काय फरक पडतो? तर पडतो. पण आधी ही चूक होते कशी ते बघू.

शरीर खोटं बोलतं

जमिनीवर आपला तोल डोळे आणि आतला कान मिळून सांभाळतात. कानात द्रव भरलेल्या बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की द्रव हलतो आणि मेंदूला कळतं. पण विमान हळूहळू आणि बराच वेळ वळत राहिलं तर तो द्रवही स्थिरावतो आणि मेंदूला वाटतं आपण सरळच चाललोय. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक दुरुस्त करतात. ढगात ती सोय नाही.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात याचा प्रयोग झाला. इन्स्ट्रुमेंटचं ट्रेनिंग नसलेल्या २० पायलटांना ढगात शिरल्यासारखी परिस्थिती देण्यात आली. सगळ्या २० जणांचा विमानावरचा ताबा सुटला. सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाही. हा आकडा आजही जगभरातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये विद्यार्थ्यांना घाबरवायला वापरतात. खरं तर प्रयोगाचा हेतू वेगळा होता. ढगात सापडलेल्या नवख्या पायलटला सावकाश मागे वळून बाहेर कसं पडायचं ते शिकवता येईल का, हे तपासायचं होतं. पण १७८ सेकंदच लोकांच्या लक्षात राहिले.

म्हणून इन्स्ट्रुमेंट ट्रेनिंगचा पहिला धडा एकच असतो: अंगाला काय वाटतंय ते विसर, काटे काय म्हणतायत ते बघ. हे शक्य आहे हे पहिल्यांदा दाखवलं जिमी डूलिटल या अमेरिकन पायलटने. २४ सप्टेंबर १९२९ ला न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर त्याने झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून टेक-ऑफ केला, फेरी मारली आणि उतरवलंही. पुढच्या सीटवर बेन केल्सी नावाचा दुसरा पायलट होता, काही बिनसलं तरच हात घालायचा या बोलीवर. आज झापड लावून केलेल्या प्रत्येक ट्रेनिंग फ्लाइटमध्ये इन्स्ट्रक्टर किंवा सेफ्टी पायलट असतो, तो याच केल्सीचा वारस.

डूलिटलच्या विमानात पॉल कोल्समन या इंजिनिअरने बनवलेला नवा, अचूक अल्टिमीटर म्हणजे उंचीमापक होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण यंत्रांवर विश्वास ठेवायचा म्हणजे एकाच यंत्रावर नाही. १ जानेवारी १९७८ ला मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७४७ 'एम्परर अशोका' रात्रीच्या अंधारात वांद्र्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात कोसळलं. विमानातले सर्व २१३ जण गेले. विमान कुठल्या बाजूला कललंय ते दाखवणारं कॅप्टनच्या समोरचं यंत्र बिघडलं होतं. बाकीची यंत्रं बरोबर दाखवत होती. खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ, क्षितिज नाही. कॅप्टनने त्या एका यंत्रावर भिस्त ठेवून विमान उलट बाजूला कलवत नेलं. म्हणूनच विद्यार्थ्याला नजर सतत फिरती ठेवायला शिकवतात. कल, उंची, वेग, दिशा, पुन्हा कल. एका काट्यावर नजर खिळली की दुसरा काटा पळालाच समजा.

३,००० चं ३,३०० होतं कसं?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे हातात एकाच वेळी खूप कामं असणं. उतरण्याचा नकाशा काढायचाय, फ्रीक्वेन्सी बदलायचीय, कंट्रोलरने नवीन दिशा दिलीय ती लिहून घ्यायचीय. विद्यार्थी खाली मान घालतो आणि त्याबरोबर हात नकळत कंट्रोलवर दाबला जातो. नाक एखाद-दोन अंश वर जातं. एवढं पुरतं.

वळताना उलटं होतं. विमान कललं की पंखांचा उचलून धरणारा जोरही तिरका होतो. त्यातला काही भाग वळवण्यात खर्च होतो, वर धरायला कमी उरतो आणि नाक खाली येऊ लागतं. अनुभवी हात ते आपोआप सांभाळतो. नवख्याचं लक्ष दिशेच्या काट्यावर असतं आणि उंची हळूच निसटते.

चढताना ठरलेल्या उंचीवर थांबायची वेळ आली की थोडं आधीच नाक खाली घ्यायला लागतं, नाहीतर विमान आपल्या वेगात पुढे निघून जातं. शिकवताना सोपा हिशेब देतात: मिनिटाला ५०० फूट चढत असशील तर ५० फूट आधी सुरुवात कर. म्हणजे चढण्याच्या दराचा दहावा हिस्सा. हिशेब सोपा आहे. पण नेमक्या त्याच ५० फुटांत कंट्रोलर बोलायला लागला तर हिशेब राहतो बाजूला.

आणि एक गोष्ट खास ट्रेनिंग फ्लाइटचीच आहे. कॉकपिटमध्ये दोघं असतात. विद्यार्थ्याला वाटतं काही चुकलं तर इन्स्ट्रक्टर सांगेलच. इन्स्ट्रक्टर बाहेर दुसरी विमानं बघत असतो, किंवा शिकवण्यात गुंतलेला असतो, किंवा 'बघू या याच्या लक्षात येतंय का' म्हणून मुद्दाम चार सेकंद गप्प राहतो. त्या चार सेकंदांत ३०० फूट संपत नाहीत, पण संपायची सुरुवात झालेली असते.

आकडा बरोबर, उंची चूक

वर सांगितलेल्या चुकीत निदान काटा तरी खरं बोलत असतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. काटा ३,००० दाखवतोय, पायलट ३,००० धरून आहे आणि विमान मात्र भलतीकडेच आहे.

कारण अल्टिमीटर उंची मोजतच नाही. तो हवेचा दाब मोजतो. वर जावं तशी हवा विरळ होते, दाब कमी होतो आणि त्यावरून यंत्र उंची सांगतं. पण जमिनीवरचा दाब रोज बदलतो. वादळ आलं की उतरतो, आभाळ मोकळं झालं की चढतो. त्यामुळे आज इथला दाब किती आहे हे यंत्राला सांगावं लागतं. अल्टिमीटरवर त्यासाठी एक छोटी खिडकी आणि फिरवायचं बटण असतं. या खिडकीला आजही 'कोल्समन विंडो' म्हणतात. हाच तो कोल्समन.

दाबाचं एकक आहे हेक्टोपास्कल. खालच्या उंचीवर एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे साधारण २७ ते ३० फूट. दहाची चूक केली की जवळपास ३०० फूट गेले. अमेरिकेत हाच दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात आणि तिथे एका इंचाला जवळजवळ १,००० फूट पडतात. २८.९२ च्या जागी २९.९२ लावलं तर विमान दाखवतंय त्यापेक्षा १,००० फूट खाली.

दहा हेक्टोपास्कलची चूक प्रत्यक्षात काय करते ते २३ मे २०२२ ला पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर दिसलं. एक एअरबस ए३२० पावसाळी ढगांतून उतरत होतं. कंट्रोलरने दाब सांगितला १०११. खरा होता १००१. पायलटने ऐकलेला आकडा प्रामाणिकपणे लावला, परत वाचूनही दाखवला. चूक कोणाच्याच लक्षात आली नाही. त्या धावपट्टीची आयएलएस, म्हणजे रेडिओ किरणांनी वाट दाखवणारी यंत्रणा बंद होती, त्यामुळे विमान दाबावरून काढलेल्या उंचीच्याच भरवशावर उतरत होतं. वाट अगदी आखल्यासारखी, फक्त २८० फूट खालून चाललेली. काट्याप्रमाणे ठरलेल्या उंचीपर्यंत आल्यावरही धावपट्टी दिसेना, म्हणून पायलटने नियमानुसार विमान पुन्हा वर उचललं. त्या क्षणी ते धावपट्टीच्या जवळपास दीड किलोमीटर अलीकडे होतं आणि जमिनीपासूनची सगळ्यात कमी उंची नोंदली गेली ६ फूट. सहाशे नाही, सहा.

याच चुकीचा जुना भाऊ म्हणजे काटेच चुकीचे वाचणं. पूर्वीच्या अल्टिमीटरला तीन काटे असायचे: शेकड्याचा, हजाराचा आणि दहा हजाराचा. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले की छोटा काटा तीनच्या इतका जवळ असतो की लहान मुलं हमखास पावणेचार वाचतात. तीन काट्यांचं हे तसंच, फक्त इथे चूक दहा हजार फुटांची. २४ डिसेंबर १९५८ ला इंग्लंडमध्ये चाचणीसाठी उडालेलं एक ब्रिस्टल ब्रिटानिया विमान धुक्यात जमिनीवर आदळलं. आपण ११ हजार फुटांच्या वर आहोत असं समजून पायलट खाली उतरत होते आणि विमान प्रत्यक्षात हजार-दीड हजार फुटांवर होतं. १२ पैकी ९ जण गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्कॉटलंडमध्ये एक व्हायकाउंट विमान अशाच चुकीने जमिनीला भिडलं होतं. त्यातले पाचही जण नशिबाने वाचले. नंतरच्या अल्टिमीटरांवर १०,००० फुटांखाली आलात की पट्ट्यापट्ट्यांची खूण दिसते, ती उगीच नाही.

दहा की अकरा?

तिसरा प्रकार कानाचा. कंट्रोलर आकडे सुटे सुटे बोलतो. दहा हजारसाठी 'वन झिरो थाउजंड', अकरा हजारसाठी 'वन वन थाउजंड'. खरखरत्या रेडिओवर ही जोडी एवढी गोंधळाची आहे की अमेरिकेत पायलटांनी स्वतःहून पाठवलेल्या रिपोर्टांचा अभ्यास झाला तेव्हा उंचीच्या गोंधळात १०,००० आणि ११,००० ही जोडी सगळ्यात वर निघाली. यावर उपाय म्हणून पायलट ऐकलेली सूचना शब्दशः परत म्हणतो. हॉटेलात वेटर ऑर्डर परत वाचून दाखवतो तसं. पण वेटरने 'दोन मिसळ'चं 'तीन मिसळ' वाचलं आणि आपण मोबाइलमध्ये असलो तर आपण 'हो हो' म्हणूनच टाकतो. कंट्रोलरचंही तेच होतं. आपण जे बोललो तेच ऐकू येईल अशी त्याची अपेक्षा असते.

चौघं होते, बघत कोणीच नव्हतं

ही चूक फक्त शिकाऊ पायलटची असती तर बरं झालं असतं.

२९ डिसेंबर १९७२ ला रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचं फ्लाइट ४०१ मायामीत उतरत होतं. विमान होतं त्या काळातलं अत्याधुनिक ट्रायस्टार. पुढचं चाक खाली आल्याचा दिवा लागेना. क्रूने विमान २,००० फुटांवर नेलं, ऑटोपायलटला ती उंची धरून ठेवायला सांगितलं आणि सगळे दिव्याच्या मागे लागले. कॉकपिटमध्ये कॅप्टन, को-पायलट, फ्लाइट इंजिनिअर आणि कंपनीचा एक मेंटेनन्सचा माणूस होता. मधल्या गडबडीत कंट्रोलला धक्का लागला आणि उंची धरून ठेवण्याचं काम ऑटोपायलटने सोडून दिलं. विमान अगदी सावकाश खाली येऊ लागलं. उंची सुटल्याची घंटी वाजली, पण ती फ्लाइट इंजिनिअरच्या जागेपाशी, आणि तो चाक बघायला खालच्या कप्प्यात उतरलेला. कंट्रोलरला रडारवर ९०० फूट दिसले. त्याने विचारलं, कसं काय चाललंय तिकडे? उंचीबद्दल थेट काहीच बोलला नाही. विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. १७६ पैकी १०१ जण गेले.

पुढचं चाक व्यवस्थित खाली आलेलं होतं. दिव्याचा बल्ब गेला होता.

फ्लाइंग स्कूलमध्ये हा अपघात आवर्जून शिकवतात. काहीही बिघडू दे, आधी एक जण फक्त विमान उडवणार, हे त्यातून पक्कं झालं.

आभाळात हजार फुटांचे मजले

आता मूळ प्रश्न, ३०० फुटांनी काय बिघडतं?

यंत्रांच्या भरवशावर उडणाऱ्या विमानांमध्ये साधारणपणे उभं अंतर ठेवतात १,००० फुटांचं. एक विमान १४,००० वर आणि त्याच्याच वाटेवर समोरून येणारं दुसरं १५,००० वर, हे रोजचं आणि सुरक्षित मानलेलं चित्र आहे. ट्रेनिंगचं विमान या मजल्यांमध्येच उडतं, शिकाऊ आहे म्हणून त्याला वेगळं आभाळ मिळत नाही. दोन्ही विमानं ३००-३०० फूट चुकली तर हजारातले ४०० उरतात. आणि एकच विमान मजला सोडून खाली आलं तर काय होतं ते भारताने पाहिलंय.

१२ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळी पावणेसातच्या आसपास. दिल्लीहून निघालेलं सौदियाचं बोइंग ७४७ चढत होतं, त्याला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलेलं. समोरून कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६ दिल्लीकडे उतरत होतं, त्याला १५,००० वर थांबायला सांगितलेलं. कझाक क्रूने १५,००० गाठल्याचं कळवलं. कंट्रोलरने समोरून सौदियाचं विमान येतंय हेही सांगितलं. पण इल्युशिन १५,००० वर थांबलंच नाही. ते खाली उतरत राहिलं आणि हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ३४९ जण गेले, कोणीच वाचलं नाही. दोन विमानांच्या हवेतल्या टकरींमध्ये जगातली ही सगळ्यात भीषण.

चौकशीसाठी लाहोटी आयोग नेमला गेला. दोष कझाक विमानाने परवानगी नसताना उंची सोडण्याचा, असा निष्कर्ष निघाला. पण त्यामागचे तपशील बघितले की ट्रेनिंगच्या कॉकपिटची आठवण येते. इल्युशिनमध्ये कंट्रोलरशी बोलत होता रेडिओ ऑपरेटर आणि विमान उडवत होते पायलट. रेडिओ ऑपरेटरच्या समोर स्वतःचा अल्टिमीटरच नव्हता. त्याला पायलटच्या खांद्यावरून डोकावावं लागायचं. इंग्रजीची अडचण होती ती वेगळीच. म्हणजे ज्याने सूचना ऐकली तो काटा बघत नव्हता आणि जे काटा बघत होते त्यांनी सूचना नीट ऐकली नव्हती.

आणि जमिनीवर काय होतं? तेव्हा दिल्लीच्या कंट्रोलरकडे फक्त प्राथमिक रडार होतं. विमान कुठे आहे ते त्यात दिसायचं, किती उंचीवर आहे ते नाही. उंची पायलट सांगेल तीच खरी. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच वाट होती, कारण आजूबाजूचा बराचसा भाग हवाई दलाकडे होता. यानंतर दिल्लीत उंची दाखवणारं दुय्यम रडार सुरू झालं, येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांना टीकॅस ही टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. समोरचं विमान फार जवळ आलं की टीकॅस एका पायलटला वर जायला आणि दुसऱ्याला खाली जायला सांगतं, कंट्रोलरला न विचारता.

आज छोट्या ट्रेनिंग विमानातही ट्रान्सपॉन्डर नावाचा डबा असतो, जो उंची आपोआप रडारला कळवतो. यातली एक गंमत बऱ्याच विद्यार्थ्यांना उशिरा कळते. तुम्ही कोल्समन विंडोत चुकीचा आकडा लावलात तरी ट्रान्सपॉन्डरला त्याच्याशी देणंघेणं नसतं. तो कायम १०१३ हा प्रमाण दाब धरूनच उंची पाठवतो आणि खरा स्थानिक दाब जमिनीवरचा कॉम्प्युटर लावतो. त्यामुळे तुमच्या काट्यावर सगळं आलबेल असतं आणि कंट्रोलरला मात्र तुमची चूक स्क्रीनवर दिसत असते. बरंच आहे म्हणा.

चूक झाली. पुढे?

अमेरिकेत उंची चुकल्यावर कंट्रोलर कधीकधी म्हणतो, 'संभाव्य नियमभंग दिसतोय, हा फोन नंबर लिहून घ्या.' याला 'ब्राशर वॉर्निंग' म्हणतात. हे ऐकून अनेक पायलटांच्या पायाखालची जमीन सरकते, विमानात बसलेले असतानाही. ट्रेनिंग फ्लाइट असेल तर जबाबदारी साधारणपणे इन्स्ट्रक्टरच्या गळ्यात येते, कारण कागदोपत्री विमानाचा प्रमुख तो.

अशा वेळी माणसाची पहिली इच्छा काय असते? गप्प बसायचं. कोणी पाहिलं नसेल तर उत्तमच. हे गप्प बसणं किती महाग पडतं ते एका डोंगराने शिकवलं.

१ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए कंपनीचं फ्लाइट ५१४, बोइंग ७२७, वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे येत होतं. हवा खराब होती. कंट्रोलरने उतरायला परवानगी दिली, पण कुठपर्यंत किती उंची राखायची ते सांगितलं नाही. क्रूला वाटलं परवानगी मिळाली म्हणजे १,८०० फुटांपर्यंत जायला हरकत नाही. त्यांच्या हातातल्या नकाशावर राउंड हिल या ठिकाणापर्यंत ३,४०० फूट लिहिलेले होते. ते कॅप्टनच्या लक्षातही आलं, कॉकपिटमध्ये त्यावर चर्चाही झाली. शेवटी कंट्रोलरने परवानगी दिलीय तर चालत असेल, असं ठरलं. विमान माउंट वेदर नावाच्या डोंगरावर आदळलं. सर्व ९२ जण गेले.

चौकशीत कळलेली पुढची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे. साधारण सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान तिथेच, तशाच गैरसमजातून, त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचलं होतं. त्या क्रूने चूक लपवली नाही. कंपनीच्या अंतर्गत व्यवस्थेत कळवली आणि युनायटेडने आपल्या पायलटांना सावधही केलं. पण दुसऱ्या कंपन्यांपर्यंत ही माहिती पोचवायचा रस्ताच नव्हता. टीडब्ल्यूएच्या क्रूला ती कळली नाही.

यातून एव्हिएशन सेफ्टी रिपोर्टिंग सिस्टीम जन्माला आली. आधी अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने म्हणजे एफएएने १९७५ मध्ये स्वतःच ती चालवून बघितली. पण जो दंड करतो त्याच्याकडेच जाऊन कबुली कोण देणार? पायलटांचा विश्वास बसेना. म्हणून १९७६ मध्ये हे काम नासाकडे दिलं. नासाकडे ना लायसन्स रद्द करायचा अधिकार, ना दंड करायचा.

पायलट, कंट्रोलर, मेकॅनिक, केबिन क्रू, कोणीही रिपोर्ट पाठवू शकतं. काही विचारायचं असेल तर नासाचे तज्ज्ञ फोन करतात आणि नंतर नाव, कंपनी, ओळख पटेल असं सगळं काढून टाकतात. आतापर्यंत २० लाखांहून जास्त रिपोर्ट आलेत. त्यातले निवडक किस्से 'कॉलबॅक' या बुलेटिनमध्ये छापून येतात आणि त्यात उंची चुकल्याचे किस्से भरपूर असतात.

बदल्यात पायलटला काय मिळतं? चूक मुद्दाम केलेली नसेल, त्यात अपघात किंवा गुन्हा नसेल, मागच्या पाच वर्षांत त्याच्यावर नियमभंग सिद्ध झालेला नसेल आणि त्याने १० दिवसांच्या आत रिपोर्ट पाठवला असेल, तर नियमभंग ठरला तरी एफएए दंड करत नाही, लायसन्सही थांबवत नाही. २०१५ पासून तर एफएएचं धोरणच असं आहे की अनवधानाने झालेल्या चुकांसाठी आधी समजावणं आणि जादा ट्रेनिंग, कारवाई नंतर. ब्रिटनमध्ये १९८२ पासून 'चर्प' नावाची अशीच व्यवस्था आहे. आपल्याकडे डीजीसीएनेही ऐच्छिक, गोपनीय रिपोर्टिंगची सोय ठेवलीय. बारामती किंवा गोंदियात शिकणाऱ्या मुला-मुलींनी ती वापरावी की नाही, हे त्यांच्या इन्स्ट्रक्टरचा पहिल्या चुकीवरचा चेहरा कसा होतो यावर बरंचसं ठरतं, असं मला वाटतं.

बाकी कॉकपिटमधले उपाय साधे आहेत. सूचना ऐकली की आधी लिहायची. उंची गाठायला हजार फूट राहिले की मोठ्याने म्हणायचं, 'हजार राहिले'. शेजारच्याने काट्याकडे बोट दाखवून दुजोरा द्यायचा. एकटे असाल तरी स्वतःशीच बोलायचं. शंका आली तर कंट्रोलरला पुन्हा विचारायचं, त्याने कोणाचं नाक कापलं जात नाही. आणि ३,३०० वर गेलोय हे लक्षात आलं तर आधी विमान सावकाश ३,००० वर आणायचं, मग रेडिओवर बोलायचं. घाबरून एकदम नाक खाली दाबलं तर काटा ३,००० वर थांबत नाही, २,८०० कडे जातो.

नासाच्या फॉर्मवर नाव-पत्त्यासाठी एक वेगळी पट्टी असते. रिपोर्ट पोचला की ती पट्टी कापून, तारीख-वेळेचा शिक्का मारून पायलटला परत पाठवतात. १० दिवसांची अट पाळल्याचा त्याच्याकडचा पुरावा तोच.